कॅरिअरवर बसलेला भाऊ

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मला माझ्या भावाचा हेवा वाटायला लागतो. एरवी तो माझा धाकटा भाऊ असतो, मी त्याची अक्का असते, फोनवर एकमेकांच्या गोळ्या-औषधांची चौकशी करतो, सगळं कसं छान चाललेलं असतं. पण दसरा आला, नांदेडच्या बाहेर पडलं की शेताशेतात मळणीयंत्रं घरघरायला लागली आणि गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तो बारीक, पिवळसर भुसकटाचा थर बसायला लागला, की मी ती चादर गरजेपेक्षा जोरात झटकायला लागते. सत्तेचाळीस वर्षांच्या, शाळेत मराठी शिकवणाऱ्या, चारचौघांत समंजस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईनं असं लिहावं का? लिहायलाच पाहिजे. वर्षभर दाबून ठेवलं, आता नाही दाबवत.

त्यात आज सकाळी सरपंचांचा फोन आला. चाकूरच्या अलीकडचं एक गाव आहे, तिथले सरपंच. गावाचं नाव सांगत नाही. माणसं लई चांगली आहेत, उगीच बदनामी नको. "ताई, भाऊसाहेब अवंदा बी सायकलवर येणार म्हणं. मंग तयारी काय करायची? तुम्ही सांगताल तसंच करतो बगा. मागल्या बारीला जे झालं ते झालं." मी म्हटलं, "दुपारी सांगते." दुपार कधीच कलली, चहा झाला, चादर झटकून पुन्हा वाळत घालून झाली. मी अजून काही कळवलेलं नाही.

मागल्या वर्षी ह्याच दिवसांत बालाजीनं, म्हणजे माझ्या भावानं, माझ्या नांदेडच्या घराच्या फाटकातून सायकल बाहेर काढली होती. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, मग औसा, निलंगा, आणि परत फिरून रेणापूरच्या पुढं आमचं गाव. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रात लहान पोरांसाठी वाफेची मशीनं यावीत, राशीच्या धुळीत दम लागलेल्या पोराला घेऊन आईबापाला रातोरात शहर गाठायला लागू नये, म्हणून लोकांकडून मदत मागत जायचं. ज्याला जे जमेल ते त्यानं द्यावं. आणि मागणारा माणूस कोण, तर ज्याला आमच्या घराचा जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं तो.

बालाजीची छाती लहानपणापासून अधू. तीन वर्षांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला. खोकला गेला, पण जाताना छातीतल्या नळ्या सैल करून गेला. डॉक्टर लोक त्याला लांबलचक नाव सांगतात. आमच्या घरात त्याला 'बाळाची छाती' म्हणायचे. बाळाची छाती वाजायलीय. बाळाची छाती भरलीय. आज बाळाची छाती जरा बरी हाय. सकाळी दारात आलेला माणूस आधी बाळाच्या छातीची खबर घ्यायचा आणि मग पावसापाण्याचं बोलायचा. मी त्याच घरात, त्याच दारात, हातात झाडू घेऊन उभी असायची. माझं काय चाललंय हे विचारावं असं कुणाला सुचायचंसुद्धा नाही, कारण माझं काही चाललेलंच नसायचं. मी ठणठणीत होते.

ठणठणीत असणं ही फार एकटं पाडणारी गोष्ट आहे.

रोज सकाळी एक उकडलेलं अंडं असायचं. एकच. ते बाळासाठी, ताकदीसाठी. ते सोलायचं काम माझ्याकडे. टरफलाला आतून पांढऱ्याचा जो पातळ पापुद्रा चिकटून येतो ना, तो मी चाटून खायची, आईची पाठ फिरली की. पुढं मी मुद्दाम वाईट सोलायला शिकले. टरफलाबरोबर पांढऱ्याचा एखादा तुकडा निघून आला पाहिजे, पण आईच्या डोळ्यावर येता कामा नये, असं सोलायचं. आजही माझ्या हातची अंडी ओबडधोबड निघतात. आमचे हे म्हणतात, "तुला साधं अंडं सोलता येत नाही?" काय सांगू त्यांना.

एकदा तर मी आजारी पडायचा प्रयत्नसुद्धा केला होता. तेव्हा आमच्याकडं सोयाबीन नव्हतं, हायब्रीड ज्वारी होती. खळ्यावर मशीन लागलं की कणसांची बारीक कूस उडायची, अंगाला लागली की खाजवून खाजवून जीव जायचा. बाळाला त्या दिवसांत घरात कोंडून ठेवायचे, दाराला ओलं पोतं लावून. मी खळ्यावर गेले, मशीनच्या तोंडापाशी उभी राहिले, आणि आ करून श्वास घेतला. चांगली पाच-दहा मिनिटं. सात-आठ शिंका आल्या, डोळे लाल झाले, बस. घरी येऊन मी बाळासारखं खोकून दाखवलं, छातीला हात लावून, पुढं वाकून, अगदी हुबेहूब. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "घसा सुकला आसंल, पानी पी." मी पाणी प्यायले. दुसरं काय करणार.

सायकल मात्र मला त्याच्याच छातीमुळं मिळाली, हे कबूल करायला पाहिजे. वडिलांची मोठी, काळी, दांडीवाली सायकल होती. आधी मी कैची मारत शिकले, दांडीखालून पाय घालून, तिरकी तिरकी. तेरा वर्षांची झाले तेव्हा पाय पुरायला लागले. राशीच्या दिवसांत आई-वडील दोघंही शिवारात असायचे आणि बाळाची छाती नेमकी तेव्हाच भरायची. मग मला हाक मारायचे. "जा गं, बाळाला दवाखान्यात दाखवून आण." त्याला कॅरिअरवर बसवायचं, माझ्या कमरेला त्याच्या हातांचा विळखा, आणि रेणापूरपर्यंत सायकल हाणायची. रस्ता कच्चा, मध्ये एक ओढा, ओढ्यापलीकडं चढ. चढावर सगळी पोरं खाली उतरून सायकल ढकलायची. मी उतरायची नाही. मी उतरले तर त्याला चालावं लागलं असतं. दात खाऊन, उभं राहून पायडल मारायची मी. माझा श्वास असा भरून यायचा, असा सुटायचा, की वाटायचं, सगळं शिवार आत ओढून घेईन. लई मस्त वाटायचं. तो आजारी पडला की मला तो चढ मिळायचा. म्हणजे मी त्याच्या आजाराची वाट बघायची का? हो. बघायची.

रेणापूरच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच मला बाळाची पाठ थोपटायला शिकवलं. आईला नाही, मला. खाटेवर पालथं झोपवायचं, डोकं आणि छाती खाटेवरून खाली सोडायची, आणि हाताची वाटी करून बरगड्यांवर मारत जायचं. "चापट नव्हं. चापटीनं नुस्तं लागतंय. वाटीचा आवाज आला पायजे, ढप ढप," असं त्यांनी माझा हात धरून दाखवलं होतं. मग आतला कफ सुटतो, खोकून बाहेर पडतो, आणि पोराला तास-दोन तास आराम पडतो. सकाळी अंडं सोलायच्या आधी हे काम. त्याच्या पाठीवर कुठं काय आहे हे मला माझ्या तळहाताइतकं माहीत आहे. डाव्या बाजूला खाली, शेवटच्या दोन बरगड्यांपाशी, तिथं नेहमी जास्त साठतं.

माझी दहावी झाली, आणि एक दिवस सायकल बालाजीची झाली. कुणी तसं बोललं नाही. मला साडी आली, त्याला सायकल आली. तो आठवड्यातून एकदा पाराला चक्कर मारून यायचा आणि धापा टाकत भिंतीला टेकवून ठेवायचा. बाकी ती तिथंच उभी असायची, चेनला गंज खात. मी तिच्यावरची धूळ पुसायची. धुळीनं बाळाला त्रास होतो ना.

तर मागच्या वर्षी तो म्हणाला, "अक्का, सायकलवर निघायलोय. तू गाडीत मागं येतीस का? तुझ्याबिगर सकाळचं जमणार न्हाई." मी म्हटलं, "ह्याच दिवसांत? जरा थंडी पडू दे, धूळ बसू दे." तो म्हणाला, "ह्याच दिवसांत पोरं आजारी पडत्यात. ह्याच दिवसांत मी खोकत खोकत दारात गेलो तर लोकांना पटंल." खरं होतं. त्याचं नेहमी खरंच असतं, हीच तर पंचाईत आहे. शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. आमचे हे गाडी चालवणार, मी शेजारी, मागच्या सीटवर मशीन, फवाऱ्याची औषधं, पाण्याचे कॅन आणि एक सतरंजी.

चांगला सायकलवाला नांदेडहून एका दिवसात लातूर गाठतो. आम्ही सहा दिवस धरले होते. पहाटे उठायचं, ज्याच्या घरी मुक्काम असेल त्याच्या ओसरीवर सतरंजी टाकायची, बालाजीला पालथं घालायचं आणि पाऊण तास ढप ढप. तो खोकणार, मी भांडं धरणार. मग मशीनची वाफ. मग चहा. आणि आठच्या सुमाराला तो इस्त्रीचा पांढरा टी-शर्ट घालून, तोंडाला मास्क लावून अंगणात यायचा तेव्हा समोर लोक जमलेले असायचे, मोबाईल वर धरून. टाळ्या! मी मागं उभी राहून ओट्याच्या नळाखाली भांडं धूत असायची.

विष्णुपुरी मागं पडलं तेव्हा मी खरंच खूश होते, खोटं कशाला सांगू. डोळे भरून आले होते माझे. दोन्हीकडं कापलेल्या सोयाबीनचे ढीग, मध्येच पिवळ्या फुलांनी भरलेली तूर, उसाच्या ट्रॉल्या, आणि त्या सगळ्यातून हळूहळू, अगदी पायी चालल्यासारखा जाणारा माझा भाऊ. सोनखेडपर्यंत मी त्याच्याकडं कौतुकानं बघत होते. लोह्यापर्यंत काळजीनं. माळाकोळीच्या पुढं चढ लागला, तो उभा राहून पायडल मारायला लागला, आणि तिथं माझं कौतुक संपलं. तो माझा चढ होता! माझ्यासारखं उभं राहून पायडल मारत होता तो. चार पायडल मारायचा, थांबायचा, एक पाय खाली टेकवून श्वास गोळा करायचा, पुन्हा चार पायडल. रस्त्याच्या कडेला कापणीच्या बायका विळे खाली ठेवून उभ्या राहिल्या होत्या. "घ्या दम दादा, सावकास जावा," एक म्हातारी ओरडली आणि पदर डोळ्याला लावला. आणि मी गाडीत बसून फुटाणे खात होते. माझी दोन धडधाकट फुप्फुसं मी एवढी वर्षं कशाला वापरली? आधी चूल फुंकायला, मग नववी ब च्या वर्गावर ओरडायला.

"किती करतोय बघ," आमचे हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. फुटाण्यांची पुडी चुरगाळून खिडकीबाहेर फेकली. मी कधी कचरा बाहेर टाकत नाही.

अहमदपूरला शाळेच्या मैदानावर सत्कार होता. शाल, फेटा, नारळ, भाषण. एक वक्ते म्हणाले, ह्या माणसाच्या फुप्फुसात हवा कमी पण छातीत हिंमत जास्त. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की काय सांगावं. बालाजी लाजून हसत होता. त्याचं ते हसू मला पाठ आहे, अंड्याच्या वेळचं. मी त्याच्या शेजारी उभी होते, त्याच्या खांद्यावरची शाल घसरत होती ती सारखी करत. तेवढ्यात एक पत्रकार मुलगा पुढं आला. "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हता का? फ्रेममध्ये यायल्यात."

मी झाले बाजूला. मैदानाच्या कडेला लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली जाऊन उभी राहिले. आणि तिथं फोन वाजला. पत्रकावर संपर्कासाठी माझा नंबर होता. हेच सरपंच. उद्या सकाळी सायकल त्यांच्या गावातून जाणार होती. फार उत्साहात होते. "ताई, आख्खं गाव वेशीवर यायलंय. हलगी सांगितली. गुलालाची दोन पोती आणली. आन फटाक्याची माळ, वेशीपासून मारुतीपातुर. आमच्याकडं मानाच्या मानसाला आसंच आणत्यात. चालतंय ना?"

तिकडं मैदानात बालाजीच्या फेट्याचा तुरा लोक सरळ करत होते. फोटो निघत होते. धूर आणि गुलाल ह्यांचं त्याच्या छातीत काय होतं हे ह्या पृथ्वीवर मला सगळ्यात जास्त माहीत आहे.

मी म्हणाले, "चालतंय की."

एवढंच. दोन शब्द. फोन ठेवल्यावर लगेच परत लावता आला असता. रात्री लावता आला असता. सकाळी, त्याची पाठ थोपटताना, त्याला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मनात म्हणत होते, मास्क आहे त्याला, तो सांगेल लोकांना, मोठा माणूस झालाय आता. आणि त्याच्या खालच्या मनात, अगदी तळाशी, काय होतं ते मी आज लिहिते आहे. एकदा बघू दे लोकांना, मी काय करते ते.

ते गाव खरंच वेशीवर आलेलं होतं. बायका आरत्या घेऊन, शाळेची पोरं रांगेत, म्हातारी माणसं खुर्च्यांवर. आमच्या भागात कुणाला मान द्यायचा तर तो अंगावर टाकावा लागतो, हातात देऊन भागत नाही. निवडून आलेला माणूस असो, नवरदेव असो, पोलीस भरतीत लागलेला पोरगा असो, तो गुलालानं ओळखू येईनासा झाला पाहिजे, तरच गावाचं समाधान होतं. बालाजी जवळ आला तशी हलगी कडाडली. लोकांना तोंड दिसावं म्हणून त्यानं मास्क खाली ओढला. नेमका तेव्हाच माळेला बत्ती लागली आणि दोन्ही बाजूंनी ओंजळी भरभरून गुलाल उडाला.

गाडीच्या काचेतून मला काही वेळ नुसतं गुलाबी दिसत होतं. मग त्या गुलाबीत त्याची सायकल आडवी झालेली दिसली.

मी पळाले. मी किती जोरात पळू शकते हे मलाही माहीत नव्हतं. तो रस्त्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढं काढून, आणि श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता. ओठ जांभळे पडायला लागले होते. फवारा दिला, दोनदा, चारदा. लोक अजून नाचत होते, मागच्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. "धूर! माळ विझवा! पाणी ओता!" मी अशी ओरडले की नववी ब कधी एवढी घाबरली नसेल. माळेवर घागरी पडल्या. चौघांनी त्याला उचलून मारुतीच्या सभामंडपात नेलं. तिथं एकच प्लग होता आणि त्यात लाऊडस्पीकर लावलेला. सरपंचांनी स्वतः ती पिन उपटली आणि मी मशीन लावलं.

हलगी थांबली. सगळं गाव, गुलालानं माखलेलं, सभामंडपाच्या पायऱ्यांवर आणि समोरच्या धुळीत गप उभं राहिलं. मशीनच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी बालाजीच्या मागं बसून त्याची पाठ थोपटत होते, डावीकडं, शेवटच्या दोन बरगड्यांपाशी. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मला जे पाहिजे होतं ते मला मिळालं होतं. देवा शप्पथ सांगते, अर्ध्या मिनिटासाठी मला ते गोड लागलं. मग त्याच्या पाठीचा आवाज बदलला, घट्ट, दगडासारखा, आणि मला एवढी भीती वाटली की मी मोठमोठ्यानं रडायला लागले. हात मात्र थांबवला नाही. "आमचं चुकलं, ताई," सरपंच हात जोडून म्हणत होते. "आमच्या मानसांनी मानच केला वो. आमाला काय म्हाईत." त्यांच्या तोंडावर गुलाल होता आणि गुलालातून पाण्याचे दोन ओघळ आले होते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी तर मला विचारलं होतं.

लातूरला दोन दिवस दवाखान्यात काढले. तिसऱ्या दुपारी त्याच्या नाकातली नळी काढली. मी मोसंबी सोलत होते. मी म्हटलं, "बाळा, सरपंचांनी मला आदल्या दिवशी विचारलं होतं. गुलाल, फटाके, सगळं. मी म्हणाले, चालतंय."

तो बघत राहिला. "इसरली?"

"नाही. मुद्दाम म्हणाले." आणि मग जे तोंडाला आलं ते बोलत गेले. अंडं, खळं, सायकल, चढ, फ्रेम. "तुझ्यावर जळते रे मी. लहानपणापासून जळते. मरता मरता वाचलास माझ्यामुळं."

मला वाटलं तो तोंड फिरवेल. त्याला हसू आलं. हसू आलं म्हणून खोकला आला, मी भांडं धरलं, मग पुन्हा हसू. "अक्का," तो म्हणाला, "जलमल्यापून माणसं माझी कीव करायलीत. ते टाळ्या वाजवत्यात ना, त्यात बी कीवच ऱ्हाती, मला कळतंय. माझ्यावर कुणी जळावं आसं माझ्याकडं काय हाय? तू पहिली. लई बरं वाटायलंय मला."

"गप रे. काहीतरीच."

त्यानं माझ्या हातातली मोसंबीची फोड घेतली. ती चोखून बी हातावर काढली. मग म्हणाला, "मी बी जळायचो की तुझ्यावर. कॅरिअरवर बसून तुझ्या पाठीला कान लावायचो, आठवतं? तुला वाटायचं झोप आलीय मला. झोप न्हाई. ऐकायचो. त्या चढाला तुझी छाती आशी वाजायची आतून, लोहाराच्या भात्यावानी. मोकळी. मला वाटायचं, हिच्या पाठीत हात घालावा आन काढून घ्यावं सगळं. एकदा चावलो बी व्हतो तुला."

चावला होता! खांद्याच्या खाली, पोलक्यावरून. मला वाटलं होतं खड्ड्यात चाक गेलं म्हणून दात लागले. मी त्याला त्या दिवशी दवाखान्यातून येताना माझ्या पैशाची लेमनची गोळी घेऊन दिली होती.

त्यानं पुढचा प्रवास पुरा केला. औसा, निलंगा, सगळं. डॉक्टर नको म्हणत होते, मी नको म्हणत होते, पण ऐकेल तो बालाजी कसला. प्रत्येक गावाला मी आदल्या दिवशी फोन करून बजावत होते, नुसतं पाणी शिंपडून ठेवा, बाकी काही नको. शेवटच्या दिवशी रेणापूर सोडलं, ओढा आला. आता तिथं पूल आहे, रस्ता डांबरी, चढ कापून कमी केलेला. तो पुलावर थांबला, वळून गाडीकडं बघितलं आणि आपल्या मागच्या कॅरिअरवर हातानं थोपटलं, बस म्हणून. मी काच खाली करून त्याला हात केला, चल पुढं, नाटकं करू नको. पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो आला. त्याच्या डाव्या बाजूला माझं कोपर आलं आहे, बांगड्यांसकट. ते कात्रण मी फ्रीजवर लावून ठेवलंय. येणारेजाणारे म्हणतात, वा, भावाचं केवढं कौतुक. मी कोपर बघत असते.

त्याच्या कबुलीनं माझं जळणं संपायला पाहिजे होतं. नाही संपलं. आता तर मला त्याचा आणखी एका गोष्टीचा हेवा वाटतो, तो किती सहज बोलून मोकळा झाला ह्याचा. परवा त्याचा फोन आला, "अक्का, अवंदा धूळ जास्त हाय म्हणत्यात, पर निघायचं." त्याच्या आवाजात ती घरघर होती आणि तो आनंदही होता. मी सतरंजी धुवायला टाकली. काल शाळेतून येताना सायकलच्या दुकानापाशी पाच मिनिटं उगीच उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "नातीसाठी बघायल्या का?" मी एका सायकलची घंटी वाजवली आणि निघून आले.

आता अंधार पडायच्या आत सरपंचांना कळवायला पाहिजे. इथवर लिहून झालं आणि मी फोन लावला.

"हां बोला ताई, लिहून घ्यायलो."

"गुलाल नको. फटाके नकोत. उदबत्ती, धूप, काही नको. हलगी चालेल, पण लांब. वेशीपासून मारुतीपर्यंत सकाळी पाणी मारून ठेवा."

"बरं. सडाच घालतो बायकांकडून. आन हार? हार तर पायजे ना वो ताई. मोकळ्या गळ्यानं कसं पाठवावं मानसाला."

"हार चालेल. ताजा, धुतलेला. पण दोन आणा."

"दोन? आणखी कोण यायलंय बरोबर?"

"कोणी नाही. दुसरा माझा."

पलीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सरपंच घाईघाईनं म्हणाले, "व्हय की, व्हय की. आमच्या ध्यानातच न्हाई बगा. दोन्ही सारखेच आणतो, शेवंतीचे."

"सारखे नकोत," मी म्हटलं. "माझा चार बोटं लांब आणा."